ब्याऐंशी टक्के

‘शंभर टक्के खुशीनं देताय ना?’ एवढंच विचारलं त्या डॉक्टरबाईंनी, आणि मी म्हटलं, ‘शंभर नाही. ब्याऐंशी धरा.’

धरा म्हणे! भाजीवाल्याशी बोलावं तसं. शब्द तोंडातून बाहेर पडले आणि ते माझेच आहेत हे कळायलाच मला दोनेक सेकंद लागले. समोर टेबलामागे तिघं, कोपऱ्यात स्टँडवर कॅमेरा, त्याचा लाल दिवा चालू, कारण किडनी देणाऱ्याची मुलाखत रेकॉर्ड करायचीच असते. अंधेरीच्या त्या हॉस्पिटलचा तिसरा मजला, एसी नको इतका थंड, आणि माझ्या पाठीवर घाम. माझ्या धाकट्या भावाच्या, प्रितमच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. आठ महिने झाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. त्याच्या बायकोचा, दर्शनाचा, रक्तगट जुळला नाही. माझं सगळं जुळलं. ऑपरेशन गुरुवारी ठरलेलं. आज फक्त या कमिटीनं विचारायचं की बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव नाही ना, आणि मी म्हणायचं, नाही. खुशीनं देताय ना? हो. संपलं. लिफ्टमध्ये दर्शना म्हणालीसुद्धा, ‘ताई, आत जास्त बोलू नका हां. फक्त हो म्हणा.’ तेव्हा मला तिचा रागच आला. मी काय लहान पोर आहे?

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘आणि राहिलेले अठरा?’ अजून वेळ गेली नव्हती. हसून म्हणता आलं असतं, सॉरी मॅडम, लॅबमध्ये काम करते ना, सवय आहे, शंभर लिहा. पण नाही. प्रश्न नीट होता, आणि नीट प्रश्न समोर आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. ‘भीती आहे,’ मी म्हटलं, ‘साधारण सात. राग सहा. चार वर्षं त्याचं बीपी वाढलेलं होतं, मी दहादा सांगितलं डॉक्टरकडे जा, हा डोकेदुखीच्या गोळ्या खात राहिला. मग मी एकटी राहते. उद्या माझ्या उरलेल्या किडनीला काही झालं तर उशाशी कोण बसणार, त्याचे तीन.’ बोलताना मी बोटांवर मोजतसुद्धा होते, बघा. ‘आणि दोन टक्के कशाचे आहेत ते मला अजून सापडलेलं नाही.’ टेबलाच्या टोकाला बसलेल्या समाजसेविका, कुंदा मॅडम, भराभर लिहीत होत्या. मधले म्हातारे गृहस्थ माझ्याकडे ताप चढलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. ‘ठीक आहे,’ डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘तुम्ही बाहेर बसा. भावाला पाठवा.’

बाहेर प्रितम बाकावर बसला होता, डावी बाही कोपरापर्यंत खाली ओढून. डायलिसिसच्या सुयांनी तो हात गाठीगाठींचा झालाय, तो कुणाला दिसलेला त्याला आवडत नाही. ‘काय विचारलं गं?’ ‘काही नाही. तेच.’ तो आत गेला. तीन मिनिटांत बाहेर आला. मी घड्याळाकडेच बघत होते, म्हणून सांगते, तीन मिनिटं. ‘आज होत नाही म्हणतायत,’ तो खाली फरशीकडे बघत म्हणाला. ‘कळवतील.’ दर्शना उठून उभी राहिली. ‘होत नाही म्हणजे? गुरुवारचं काय? का पण?’ तो बाही आणखी खाली ओढत राहिला. माझ्याकडे त्यानं बघितलंच नाही, आणि तेवढ्यावरून मी समजले की त्याला आत माझं बोलणं सांगितलंय. माझ्या छातीत धस्स झालं. मी त्याला विचारलं नाही. कशाला विचारू? कारण मला माहीत होतं, ते मीच आत सोडून आले होते. दर्शनाला म्हटलं, ‘कागदात काहीतरी राहिलं असेल. मी बघते,’ आणि लॅबला जायचंय असं खोटं सांगून निघाले. सुट्टी टाकलेली होती मी. मेट्रोत बसल्यावर शेजारच्या बाईनं विचारलं, ‘बरं वाटत नाहीये का?’ मी म्हटलं, ‘वाटतंय,’ आणि लगेच, ‘नाही, नाही वाटत.’ ती पुढच्या स्टेशनला जागा बदलून बसली.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत औषधाची एक कंपनी आहे, तिथं मी वीस वर्षं गोळ्या तपासते. गोळीवर लिहिलंय तेवढं औषध तिच्यात आहे का, एवढंच माझं काम. कुणी तीन गोळ्यांचा रिपोर्ट आणला आणि तिन्हीला नेमकं शंभर लिहिलेलं असलं, की मी तो कागद परत पाठवते. मशीन तपासा, नाहीतर तुम्ही कागदावर घरी बसून लिहिलंय. लॅबमधली पोरं पाठीमागे मला काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे शंका आली की एकच परीक्षा दोघांनी करायची, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांचा आकडा न बघता. दोघांचं जुळलं तर माल बाहेर जातो. घरी मी एकटी, त्यामुळे दोघींचं काम मलाच करावं लागतं. एक म्हणते पंखा बंद कर, गारवा आहे. दुसरी म्हणते पाच मिनिटांत उकडेल. एक म्हणते त्या माणसाला हो म्हण, चांगला आहे. दुसरी म्हणते चांगला आहे म्हणजे काय, कशावरून? तो माणूस दोन वर्षं थांबला, मग त्याचं लग्न झालं, आता त्याची मुलगी दहावीला आहे. लोकांना वाटतं मी आगाऊ आहे, मला वाद घालायला आवडतं. कप्पाळ! मला कुणीतरी एका वाक्यात गप्प करावं असं किती वर्षं वाटतंय. पण एक बाजू जिंकायला आली की मला दुसरीची दया येते. तिचं कुणी ऐकलंच नाही असं वाटतं, आणि मी उठून तिच्या बाजूला जाऊन बसते.

हे पप्पांचं देणं. पप्पा, म्हणजे कुंडलिक, परभणीकडून आलेले, ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रात फिटर. घाटकोपरला आमची खोली होती. रविवारी विहारातून आलं की पप्पा आम्हा दोघांना समोर बसवायचे आणि सांगायचे, कुणी मोठा माणूस म्हणाला म्हणून खरं मानायचं नाही, मी म्हणालो म्हणून तर मुळीच नाही, आधी तपासायचं. मी तपासायला लागले ती लागलेच. प्रितमनं काही तपासलं नाही. त्याचं सोपं, पप्पा म्हणाले ना, बस. नंतर पप्पांच्या जागी मी. ताई म्हणाली ना, बस. मी अकरा वर्षांची, तो सहाचा. आमच्या चाळीची गच्ची आणि शेजारच्या चाळीची गच्ची यांच्यात एक फट होती, मोठी पोरं सहज उडी मारून जायची. मी पलीकडे गेले होते. तो अलीकडच्या कठड्यावर उभा, हात पोटाशी धरून. ‘ताई, येऊ?’ मी फट बघितली, त्याचे पाय बघितले, हिशोब केला आणि ओरडले, ‘ये!’ त्याचा पाय सुटला आणि त्याच क्षणी मला वाटलं, नाही जमणार, आणि मी ओरडले, ‘थांब!’ तो अर्धा आला आणि अर्धा थांबला. हनुवटी कठड्यावर आपटून फुटली, शर्ट खिळ्याला अडकला म्हणून खाली गेला नाही. आईनं मला धू धू धुतलं. तो मात्र टाके पडलेल्या तोंडानं सगळ्यांना सांगत होता, ‘ताई बरोबरच बोलली होती.’ कुठलं बरोबर रे? ये की थांब? दोन्ही मीच बोलले होते.

घरी आले, दार लावलं, चपला पायात तशाच, आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसले. आणि सुरू झालं. एक म्हणाली, सवय आहे, दुसरं काय. वीस वर्षं आकड्यांत घालवल्यावर माणूस आकड्यांतच बोलणार. दुसरी म्हणाली, असं का? हे घर घेतलंस तेव्हा रजिस्ट्रारनं विचारलं होतं, खुशीनं सही करताय ना? काय म्हणालीस? हो म्हणालीस. बिल्डरवर तुझा काडीचा विश्वास नव्हता, तरी हो म्हणालीस. म्हणजे बाई, हो तुला म्हणता येतं. पहिली म्हणाली, तिथं खोटं बोलले तरी माझंच नुकसान होतं. इथं भावाचा जीव आहे, इथं खरंच सांगायला हवं. दुसरी हसली. खरं कुणाला सांगितलंस? भावाला सांगितलंस? दोन आठवडे त्याच्याकडे गोरेगावला राहिलीस तपासण्यांसाठी, एकदा तरी म्हणालीस, प्रितम, मला भीती वाटते? नाही. कॅमेऱ्याला सांगितलंस. ज्यांच्या हातात थांबवायचं होतं नेमकं त्यांनाच सांगितलंस. पहिली म्हणाली, ते थांबवतील हे मला माहीत नव्हतं. दुसरी म्हणाली, तुला? माहीत नव्हतं? आणि पहिली गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लवकर गप्प बसली.

आणि मग ते वर आलं. बाकाजवळ प्रितम म्हणाला, आज होत नाही म्हणतायत, तेव्हा छातीत धस्स झालं हे खरं. पण त्याच्या आधी, अगदी आधी, एक पळभर मला बरं वाटलं होतं. हलकं वाटलं होतं. शाळेत पेपर पुढे ढकलला की वाटायचं तसं. मी ओट्याखालची लादी दोन्ही हातांनी धरली. अगं बाई, हे काय निघालं? तो दिवसाला एक लिटर पाण्यावर जगतो. बाटलीवर पेनानं रेघा मारल्यात. तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरतो आणि डोळे मिटून घेतो. पूर्वी शूटिंगच्या स्टुडिओत दहा-दहा किलोचे लाइट खांद्यावर घेऊन शिडी चढणारा माणूस, आता दुसऱ्या मजल्यावर यायला मध्ये बसतो. आणि माझ्या आत कुणीतरी आहे जिला बरं वाटलं. ते सापडत नव्हते ना दोन टक्के, ते सापडले. मी तिथंच बसून रडले, मोठमोठ्यानं, शेजारच्या प्रेमाकाकूंनी भिंतीवर थाप मारून ‘काय झालं गं संघमित्रा?’ विचारलं. ‘काही नाही काकू, डबा पडला पायावर,’ मी म्हटलं. खोटं तर किती पटकन येतं तोंडात. आणि ज्या एका ठिकाणी यायला हवं होतं तिथं येत नाही.

साडेपाचला फोन वाजला. कुंदा मॅडम. मी उभी राहिले, जणू त्या समोर आल्यात. ‘मॅडम, सकाळी मी जे बोलले,’ मी सुरू केलं, ‘ते मला सुधारायचंय. मी परत येते. कितीदाही येते. समुपदेशन सांगा, काहीही सांगा...’ ‘अहो, थांबा, थांबा,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं काही नाही. तुमचं आम्ही पास केलं.’ मला कळेना. ‘पास?’ ‘जे घडाघडा शंभर म्हणतात ना, त्यांचीच आम्हाला काळजी वाटते. पाठ करून आलेले असतात. तुमच्या तोंडून तर सगळं बाहेर आलं. डॉक्टर म्हणाल्या, ही बाई विचार करून आली आहे.’ मी भिंतीला हात लावला. ‘मग थांबवलं का?’ ‘म्हणजे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? तुमच्या भावानं नकार दिलाय. मला माझ्या बहिणीची किडनी घ्यायची नाही, एवढं म्हणाले आणि उठले. घेणाराच नाही म्हणाला तर आम्ही काय करणार? मी म्हटलं, तुम्ही एकदा बोलून बघा.’

मी रिक्षात कशी बसले आठवत नाही. सबंध दिवस मी स्वतःला उलटंपालटं करून तपासलं होतं, शिवण न् शिवण उसवली होती, आणि गोष्ट माझी नव्हतीच. लॅबमध्ये पोरांना मीच ओरडते, एक कारण सापडलं म्हणून शोध थांबवायचा नाही. आणि मी? तो बाकावर समोर बसला होता. ‘काय झालं रे?’ एवढंही विचारलं नाही. मला माझ्यापलीकडे कुणी दिसलंच नाही. रिक्षावाला दोनदा म्हणाला, ‘मॅडम, गोरेगाव में किधर?’ दुसऱ्यांदा तो वळून म्हणाला तेव्हा मला ऐकू आलं.

दार दर्शनानं उघडलं. डोळे सुजलेले. म्हणजे तिलाही आताच कळलं होतं. प्रितम पलंगावर उशीला टेकून बसला होता, टीव्ही चालू, आवाज बंद. मी चपलांसकट आत गेले. ‘नकार दिलास?’ ‘बस आधी.’ ‘बसत नाही. का दिलास?’ ‘ताई, दोन आठवडे तू बाहेरच्या खोलीत झोपत होतीस,’ तो म्हणाला. ‘तुला वाटतं तू मनात बोलतेस. तू मनात बोलत नाहीस. भांडी घासताना, कपड्यांना इस्त्री करताना, सगळं ऐकू येतं. देते. नको देऊ. द्यायलाच हवी. का म्हणून? मी इथं पडून ऐकायचो. मला यार जगायचंय, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या पोटात एवढी मारामारी लावून मी जगू? उद्या मला साधी सर्दी झाली तरी तू परत सुरू होशील. दिली ते बरोबर की चूक. मरेपर्यंत.’

आणि मी काय करावं? मी वाद घातला. दुसरं येतंच काय मला? त्याचा एकेक मुद्दा घेतला आणि मोडून काढला. म्हटलं, मी हॉटेलात काय खायचं यावरही अशीच भांडते, त्याचा अर्थ मला भूक नाही असा होत नाही. म्हटलं, एका किडनीवर माणसं ऐंशी वर्षं जगतात. म्हटलं, नाही दिली तर मी जास्त भांडेन, मग तर तू समोरही नसशील. डायलिसिसवर किती वर्षं निघतात, नवीन किडनी किती वर्षं चालते, सगळे आकडे तोंडपाठ होते, धाडधाड सांगितले. दर्शना दारात उभी राहून मान डोलवत होती. दहा मिनिटांत त्याच्याकडे बोलायला काही उरलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि थकून हसला. ‘जिंकलीस. झकास बोललीस. आता मी म्हटलं ना, ताई, याच्या उलट बोल, तर तेही इतकंच झकास बोलशील. म्हणूनच नको.’

मी तोंड उघडलं. एक नाही, दुसरी नाही, आत कुणीच नव्हतं. टीव्हीवर कुणीतरी माणूस हातवारे करत होता. मी पलंगाशी खाली बसले आणि त्याची ती बाही धरली, ती खाली ओढलेली, आणि वर सारली. गाठी आल्यात, निळ्या पडल्यात. शीर बोटाखाली थरथरत होती. ‘घे ना रे,’ मी म्हटलं. जेवणाऱ्याला आग्रह करतात ना, पोट भरलं म्हणतो तरी वाढतात, तसं माझ्या तोंडून निघालं. ‘घे ना. घे की. माझं ऐक ना, घे.’ ‘पण का?’ तो म्हणाला. ‘कारण तरी सांग.’ मी कारण शोधलं, खरंच शोधलं. आठ महिन्यांत गोळा केलेली शेकडो होती, एकही हाताला लागेना. ‘मला भीती वाटते प्रितम,’ मी म्हटलं. ‘सकाळी ते नाही म्हणाले असं वाटलं तेव्हा मला बरं वाटलं रे. मी अशी आहे. पण तू घे.’

माझ्या नाकाडोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि मी त्याचा हात काही सोडला नाही. दर्शना आत आली. तिनं माझ्या पर्समधून माझा फोन काढला, माझं बोट धरून त्यावर लावलं, शेवटचा नंबर लावला आणि मला नाही, त्याला दिला. रिंग जात होती. त्यानं एकदा फोन कानापासून दूर धरला, मला वाटलं आता बंद करणार. मग पलीकडून कुंदा मॅडमचा आवाज आला.

‘मॅडम, प्रितम बोलतोय,’ तो म्हणाला. ‘सकाळी मी जे नाही म्हटलं ना, ते खोडा.’